रिकाम्या जागा भरा

फेब्रुवारी लागला की शेवगावच्या बाजारात विळ्यांना धार लावणारे येऊन बसतात. दगडी चाक गरगरतं, विळा टेकला की ठिणग्या उडतात आणि शेजारची भाजीवाली दर खेपेला तेच ओरडते, "आरं, मेथी जाळशील माझी!" या आठवड्यात मीही तिथं उभी होते. हातात यादी होती : मीठ, काडेपेटी, कपडे वाळत घालायची दोरी, विळे चार – धार लावणे. धारवाल्यानं हात पुढं केला, "द्या मॅडम." तेव्हा लक्षात आलं की पिशवीत विळे नाहीतच. शेत दोन वर्षांपासून वाट्यानं दिलंय. काढणी कधी धरायची, बाया किती सांगायच्या, हे आता दुसऱ्याच्या घरात ठरतं. माझ्या हातानं नुसतं सवयीनं लिहून टाकलं होतं.

"पुढल्या बाजारी आणते," म्हणाले आणि दोरी घेऊन घरी आले.

मी इथल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तक आपल्या जागेवर नसलं तर मला जेवण जात नाही. घरीही तसंच. फ्रिजवर एक यादी, दारामागं एक, आणि पर्समध्ये त्या दोन्हींची नक्कल. एकट्या राहता, वेळ कसा जातो, असं कुणी विचारलं तर मी सांगते, वेळ पुरत नाही. ते खरंही आहे. सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं लिहिलेलं असतं. सुगीचे हे दोन महिने मात्र कुठल्याच यादीत बसत नाहीत. स्कूटरवरून कॉलेजला जाताना दोन्ही अंगांनी वाळकी ज्वारी वाजत असते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचनालयातली शंभर पोरं एकदम पानं उलटायला लागली तर होईल तसा तो आवाज. तो कानात घेऊनच मी टेबलाशी बसते, आणि दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारताना मला पाच वर्षांपूर्वीची सुगी आठवत राहते.

त्या सुगीला नसरीन आली होती.

नसरीन माझी पहिलीपासूनची मैत्रीण. तिच्या अब्बांचं स्टँडजवळ शिलाईचं दुकान होतं. आम्हा दोघींचे शाळेचे फ्रॉक एकाच ताग्यातून निघायचे. परीक्षा जवळ आली की ती आमच्या वस्तीवर अभ्यासाला यायची आणि आम्ही एकमेकींना प्रश्न घालायचो. 'रिकाम्या जागा भरा' हा माझा लाडका प्रश्न. मी आधी जागा भरून मोकळी व्हायची. ती पेन्सिल चावत त्या रिकाम्या रेघेकडे बघत बसायची. मास्तर म्हणायचे, या दोघींची बेरीज करून भागाकार केला तर एक बरी विद्यार्थिनी निघेल. पुढं नगरला कॉलेज झालं, मग ती पुण्याला गेली, तिथून कॅनडाला, आणि तिकडंच प्राध्यापक झाली. शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना ती शिकवते, पुस्तकं लिहिते. तिचा नवरा पाच-सहा वर्षांतच वेगळा झाला, मुलगी त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला नोकरी करते. मी इथंच राहिले. लग्न झालं नाही, त्याचं फारसं काही वाटलंही नाही. जिजी होती. जिजी म्हणजे माझी आई. सगळा गाव तिला जिजीच म्हणायचा, म्हणून मीही.

कॅनडातलं तिचं गाव आपल्या रानासारखंच सपाट आहे, असं नसरीन सांगायची. नजर पोचेल तिथवर गहू. पण गव्हात माणूस दिसत नाही. घराएवढं यंत्र येतं, उभं रान मोकळं करून निघून जातं. नंतर सहा महिने बर्फ. विद्यापीठाच्या इमारती आतल्या आत एकमेकींना जोडलेल्या, थंडीत बाहेर पाऊल टाकायला नको म्हणून. सकाळी अंधारात आत शिरायचं आणि संध्याकाळी अंधारात बाहेर पडायचं. मुलं गुणी आहेत, निबंध वेळेवर देतात, तिला नावानं हाक मारतात. प्रत्येक प्राध्यापकाच्या दारावर भेटायच्या वेळा लावलेल्या असतात.

"हे चांगलंय," मी म्हणाले होते.

"तुला आवडणारच. पण त्या वेळेत कुणी नाही आलं, तर दार उघडं ठेवून बसायचं असतं. मी बसते." मग म्हणाली, "तिकडं मला 'अगं' म्हणणारं कुणी नाही. एकदा दुकानात एका बाईचा हातमोजा पडला. मी मागून हाक मारली, 'अगं!' ती वळलीसुद्धा नाही."

मी हसले होते. हसण्यासारखंच सांगितलं होतं तिनं.

सहा महिन्यांच्या अभ्यासरजेवर ती आली होती. काम बदललं की कामाचे शब्द कसे मरतात, आणि शिक्षकांनी घरचे, रानातले शब्द वर्गात कसे आणावेत, यावर तिला पुस्तक लिहायचं होतं. तिच्याकडे आवाज टिपायचं यंत्र होतं आणि मोकळी वही होती. वहीला रकाने मी आखून दिले : शब्द, अर्थ, कुणी सांगितला, कुठं. दोनशे ओळी पाडल्या. सात आठवडे आम्ही सुगीच्या मागं होतो. कॉलेज सकाळचं असल्यानं दुपारी मी थेट रानात जायची.

जिजीनं तिला पहिल्याच दिवशी सरळ केलं. जिजीचं वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढं. ती काढणीला वाकत नव्हती, पण बांधावर पोतं टाकून बसायची आणि सगळ्यांवर तोंड चालवायची. नसरीन तिच्याशेजारी यंत्र घेऊन बसली तर म्हणाली, "नसरे, बसून शब्द घावत न्हाईत. ऊठ. पात धर."

पात म्हणजे काढणीला लागलेल्या प्रत्येक बाईच्या वाट्याला आलेल्या चार ओळी. नसरीनच्या शेजारची पात हौसाची होती. हौसा आमच्या बायांची मुकादम, जिभेला हाड नाही.

"मॅडम, तिकडं कॅनडात बी जवारी काढत्यात का?"

"नाही हो, गहू असतो."

"मंग भाकरी कशाची?"

"पाव खातो आम्ही."

"आगं बया! पाव तर च्यात बुडवून खायाचा. पोट कशानं भरता?"

सगळ्या बाया हसल्या आणि त्या हसण्यात नसरीनचं बोट विळ्यानं कापलं. हौसानं पदराचा काठ फाडून बांधला. वर म्हणाली, "जिजी, प्रोफेसरनीचं रगत लागलं बगा कणसाला. ह्या साली जवारी विंग्रजी बोलती का न्हाई बगा!"

त्या चिंधीसकट नसरीननं पात पुरी केली. संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही वही भरायचो. बुचाड : कणसं आत आणि बुडखे बाहेर ठेवून रचलेला पेंढ्यांचा ढीग. वावडी : वाऱ्यावर धान्य उफणताना चढून उभं राहायची तीन पायांची घडवंची. मातेरं : खळ्यात शेवटी उरलेलं, मातीत मिसळलेलं धान्य. नसरीन एकेक शब्द दोनदा-तीनदा म्हणून बघायची. मी रकाना भरायची आणि कोपऱ्यात बरोबरची खूण करायची. ओळी भरत आल्या की माझा जीव निवायचा.

जायच्या आठवड्यात नऊ ओळी रिकाम्या राहिल्या होत्या. रान मोकळं झालं होतं, नुसती धसकटं उभी होती आणि त्यांच्या मधून इथं तिथं कणसं पडलेली होती. पेंढ्या बांधताना निसटलेली, गाडीत भरताना गळालेली. नसरीननं बोट दाखवून विचारलं, "जिजी, या पडलेल्या कणसांना काय म्हणता?"

मला माहीत होतं. मी तोंड उघडलंही. जिजीनं माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

"त्ये पुढल्या सुगीला सांगीन," जिजी म्हणाली.

"आत्ताच सांगा की. आणि ती बाकीची आठ?"

"ती बी तवाच. समदं एका सुगीत न्यायचं न्हाई, नसरे. रान झाडून न्हेलं तर माघारनं येनाऱ्यानं काय येचायचं?"

नसरीन चिडली नाही. उलट तिचा चेहरा उजळला. बांधावर बसून तिनं जिजीला तिच्या विद्यापीठातल्या एका म्हाताऱ्या बाईंची गोष्ट सांगितली. त्या तिथल्या मूळच्या लोकांपैकी. त्यांची भाषा बोलणारी माणसं थोडीच राहिलीत, म्हणून त्यांना शिकवायला बोलावलंय. पण काही गोष्टी त्या जमिनीवर बर्फ असतानाच सांगतात. उन्हाळ्याच्या वर्गातली पोरं हातापाया पडतात, परीक्षा आहे म्हणतात. बाई म्हणतात, हिवाळ्यात या.

"शाहानी बाई हाय," जिजी म्हणाली. "तिला सांग, शेवगावच्या जिजीनं इचारलंय."

निघताना नसरीननं जिजीला मिठी मारली. जिजीनं तिच्या पाठीवर थाप मारून बजावलं, "नऊ ठिवल्यात. मोजून."

"मोजून न्यायला येते," नसरीन म्हणाली. पुढल्या फेब्रुवारीत येईन, म्हणाली. अगदी तारखा काढू लागली होती.

इथं जे झालं ते मी केलं, आणि ते करताना आपण काही चूक करतोय असं मला वाटलं नाही. वहीची एक प्रत माझ्याकडं होती. रोज सकाळी टेबलावर ती दिसायची. दोनशे ओळींत नऊ मोकळ्या. नंबर न टाकलेलं पुस्तक कपाटात असावं तसं ते मला टोचत होतं. तीन आठवडे कळ काढली. मग बसलेच. चार शब्द मला येत होते. तीन हौसानं सांगितले. उरलेले दोन मी जिजीकडूनच काढून घेतले, स्वयंपाक करता करता, इकडचं तिकडचं बोलत, तिच्या लक्षात येऊ न देता. सगळे नीट टाइप केले. शेवटचा असा होता : सरवा. काढणी झाल्यावर रानात पडून राहिलेली कणसं. ती मालकानं उचलायची नसतात. ज्याला रान नाही त्यानं वेचून न्यायची असतात. हा अर्थ मी माझ्याच बोटांनी लिहिला आणि तरी थांबले नाही. पाठवून दिलं. वहीत खूण केली.

दुसऱ्या दिवशी नसरीनचं उत्तर आलं. "मंगल, तू फरिश्ता आहेस! पुढच्या वर्षी येणं तसंही अवघड होतं, विभागाचं काम अंगावर पडलंय. आता न येताही पुस्तक वेळेत होईल." मला बरं वाटलं. तिचं काम झालं, माझी वही पूर्ण झाली. त्या दिवशी मी जरा लवकरच झोपले, हेही आठवतं.

संक्रांत झाल्यापासून जिजी विचारायला लागली. नसरी कधी येती? तिला ती शेजारची खोली झाडून दे. तिच्यासाठी हुरडा राखून ठेवायला सांग. मी आठवडाभर टाळलं. एके दिवशी ती अंगणात सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत बसली होती, तेव्हा सांगितलं, शब्द मी पाठवून दिलेत, आता ती येत नाही. तिचा हात सुपात थांबला.

"नऊच्या नऊ?"

"हो."

"येक बी न्हाई ठिवला?"

"जिजी, तिचं काम अडलं होतं."

"त्ये आडू द्यायचंच हुतं, बाई." थोडा वेळ तिनं खडे वेचले. मग म्हणाली, "तुला शाळंत घातलं तवा मास्तर म्हनलं, जिजी, पोरगी लई हुशार, समद्या मोकळ्या जागा भरती. मला काय ठावं, हितं बी भरशील."

तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. हेच जास्त लागलं. त्याआधी ती मला दिवसातून दहादा बोलायची.

दोन वर्षांपूर्वी जिजी गेली. नसरीनचा फोन आला. ती माझ्यापेक्षा जास्त रडली. तिचे वर्ग चालू होते, येणं शक्य नव्हतं. मीच तिला समजावलं, तिकिटं किती महाग असतात ते मलाही कळतं. तिचं पुस्तक त्याआधीच पोस्टानं आलं होतं. जाडजूड, इंग्रजीत. शेवटी शब्दांची यादी, माझ्याच रकान्यांची. आभारात जिजीचं नाव. मी त्याला नंबर दिला, पाठीवर चिठ्ठी डकवली आणि कॉलेजच्या कपाटात उभं केलं. आजवर ते एकदाच बाहेर गेलंय, तेही मीच नेलं होतं.

नऊ शब्दांसाठी कुणी सात समुद्र ओलांडून येतं का, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय. कदाचित ती आलीच नसती. पण 'पुढल्या सुगीला' असं म्हणायला काहीतरी राहिलं असतं. तिनं तिकडं म्हटलं असतं, आम्ही इकडं म्हटलं असतं. कामाचं निमित्त संपलं की माणसं ख्यालीखुशालीवर येतात, आणि ख्यालीखुशाली पाच मिनिटांत संपते. तुमच्याकडं थंडी किती, माझी बीपीची गोळी बदलली, मुलीचा फोन येतो का. मग दोघीही म्हणतो, चल, ठेवू? मी खूप दिवस असं धरून चालले होते की मला वाईट वाटतंय ते जिजीसाठी. तिनं वाट बघितली म्हणून. जिजी गेल्यावर ते वाईट वाटणं कमी व्हायला हवं होतं. तसं झालं नाही.

परवाच्या रविवारी रानात गेले. काम काहीच नव्हतं. वाटेकऱ्यानं काढणी उरकली होती, कडब्याची गंज रचून झाली होती. हौसा बायांचा चहा करत होती. तीन दगडांवर पातेलं, धुरानं डोळे बारीक केलेले.

"बाई, एकल्याच? या, घोटभर घ्या."

मी तिच्याजवळ बसले. चहात साखर भरमसाट होती. ती म्हणाली, "तुमची ती कॅनडावाली कुठं हाय? बोट कापल्याली?"

"तिकडंच. कामं असतात तिला."

"कामं तर मला बी हायेत. पर तुमी बोलावलं की मी येतीच का न्हाई?"

"तिला बोलावून काय सांगू? इथं काय आहे आता?"

हौसानं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमी हायसा की," म्हणाली आणि कपबश्या विसळायला उठली.

मंगळवारी सकाळी साडेसातला नसरीनचा फोन आला. तिच्याकडं आदली संध्याकाळ असते. आवाज घाईत होता. शिक्षकांपुढं तिचं भाषण आहे. त्या सुगीतले फोटो ती दाखवणार आहे.

"अगं, एका फोटोत पेंढी बांधलेली आहे. ज्वारीच्या ताटाचाच पीळ घालून बांधतात ना, त्या बंधाला काय म्हणतात? वहीत नाहीये. आपण विसरलोच बहुतेक."

आळा. शब्द माझ्या जिभेवर होता. दोन अक्षरं. मी ओट्याला धरून उभी होते. दूध वर येत होतं, ते बंद केलं.

"मला नाही आठवत," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा येत असलेलं उत्तर मी लिहिलं नाही. "हौसाला माहीत असेल. पण ती फोनवर नाही सांगायची. तू ये, विचारू."

"छे, एवढ्यासाठी कुठं! राहू दे. तो फोटोच काढून टाकते, शंभर फोटो आहेत."

इतकं सोपं होतं ते. मला वाटलं होतं, मीही जिजीसारखं काहीतरी राखून ठेवलं तर ती घोटाळेल, थांबेल. जिजीच्या हातात होतं ते माझ्या हातात नव्हतं. "बरं," मी म्हणाले.

"मंगल? आवाज का असा येतोय? सर्दी झालीय का?"

"नाही."

"मग?"

"नसरीन, मला करमत नाही गं."

हे मी जिजीलाही कधी म्हटलं नव्हतं. सुरुवात झाल्यावर थांबता येईना. सुगीत तर अजिबात नाही, म्हटलं. त्या वाळक्या ज्वारीचा आवाज ऐकवत नाही. रविवारी कुठं जावं कळत नाही. ते नऊ शब्द मी पाठवायला नको होते. तुला यायला कारण राहू द्यायला हवं होतं.

पलीकडं पाण्याचा नळ चालू होता, तो बंद झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मार्चमध्ये नाही जमणार मला," ती हळू म्हणाली. "एप्रिलपर्यंत वर्ग आहेत. मग परीक्षा, आणि उन्हाळ्यात..."

"माहीत आहे. यायलाच पाहिजे असं नाही. सांगितलं फक्त."

बराच वेळ कुणीच 'ठेवू?' म्हटलं नाही.

"परत म्हण," नसरीन म्हणाली.

"काय?"

"ते, करमत नाही. परत म्हण एकदा."

मी म्हटलं. मग मला शंका आली. विचारलं, "लिहून घेतेस की काय?"

"नाही गं," ती म्हणाली. "ऐकतेय."